बातमी संपते तिथून होडी सुटते : स्टीफन क्रेन

दौतटाक

मंडळी, चार महिने झाले, एका गोष्टीचं भाषांतर करत बसलेय आणि गाडी पहिल्याच वाक्यावर अडलीय. नुसतं वाक्य टाकून मदत मागितली तर तीन प्रतिसादांत धागा मान टाकेल, म्हणून आधी माणूस सांगते, मग वाक्य. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

३१ डिसेंबर १८९६. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून 'कमोडोर' नावाची आगबोट रात्री निघाली. पोटात क्युबातल्या बंडखोरांसाठी बंदुका आणि दारूगोळा. बोटीवर कागदोपत्री खलाशी म्हणून नाव लावलेला एक पंचवीस वर्षांचा वार्ताहर होता, स्टीफन क्रेन. समुद्र गाठायच्या आधीच, नदीतच, धुक्यात बोट वाळूत रुतली. ओढून काढली, पण तळाला काय झालंय ते नीट कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या रात्री इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, पंप चालेनात, आणि २ जानेवारीला सकाळी बोट गेली. शेवटच्या दहा फुटी होडीत चौघे राहिले: हात मोडलेला कप्तान एडवर्ड मर्फी, बोटीचा स्वयंपाकी, इंजिनाला तेल घालणारा बिली हिगिन्स आणि हा. तीस तास. किनारा समोर दिसतोय, पण लाटा अशा फुटताहेत की होडी आत घालता येत नाही. तिसऱ्या तारखेला डेटोनापाशी शेवटी घातलीच. होडी उलटली. तिघे वाचले, हिगिन्स उथळ पाण्यात पालथा सापडला.

७ जानेवारीला न्यूयॉर्कच्या 'प्रेस' दैनिकात क्रेनची बातमी आली. चोख बातमी आहे. बादल्यांनी पाणी उपसणारी माणसं, खालचा जीवघेणा उकाडा, बुडत्या बोटीवर मागे राहिलेले सात जण, त्यांचे तराफे. एका तराफ्याला दोर लावून ओढायचा प्रयत्न या चौघांनी केला. तेव्हा तराफ्यावरचा एक भट्टीवाला तो दोर हातात गोळा करत होडीच जवळ ओढायला लागला. तो चढला असता तर होडी बुडालीच असती. यांनी दोर सोडून दिला. हे सगळं क्रेनने लिहिलंय, स्वतःची बाजू न सावरता. आणि होडीतल्या तीस तासांपाशी आल्यावर तो चक्क थांबतो. म्हणतो, उघड्या होडीतल्या तीस तासांची हकिकत तरुणांना बोधप्रद ठरेल यात शंका नाही, पण ती इथे आत्ता सांगायची नाही. मग कप्तानाबद्दल आणि हिगिन्सबद्दल थोडंसं, आणि बातमी खलास.

जून १८९७ च्या 'स्क्रिब्नर्स' मासिकात 'द ओपन बोट' ही कथा आली. ती सुरूच होडीत होते. आगबोट कशी बुडाली याबद्दल जवळपास अवाक्षर नाही. दोन फरशा कडेला कड लावून बसवाव्यात तसे हे दोन मजकूर आहेत, एकमेकांवर चढत नाहीत. पोटासाठी बातमी लिहिताना ह्या गड्याने मधला गाभा मुकाट्याने खिशात ठेवला होता. मी त्याच्या प्रेमात पडले ती इथे.

आता मागे जाऊ. जन्म १ नोव्हेंबर १८७१, न्यू जर्सीतलं न्यूअर्क. आईबापांचं चौदावं अपत्य. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, आई दारूबंदीची व्याख्यानं देणारी. नाच, नाटक आणि कादंबऱ्या यांच्यापायी माणूस कसा वाया जातो यावर वडिलांनी पुस्तक लिहिलेलं. शेंडेफळाने यातलं काही सोडलं नाही. स्टीफन आठ वर्षांचा असताना वडील गेले, वीस वर्षांचा असताना आई. कॉलेजं दोन झाली, पदवी एकही नाही. सिराक्यूसला असताना वर्गात कमी आणि बेसबॉलच्या मैदानावर जास्त.

बातमीदारी घरातच होती. मोठा भाऊ टाउनली ॲस्बरी पार्क या समुद्रकाठच्या गावाहून 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'ला बातम्या पुरवायचा आणि स्टीफन उन्हाळ्यात त्याच्या हाताखाली. ऑगस्ट १८९२ मध्ये तिथे कामगारांच्या एका देशभक्त संघटनेची मिरवणूक निघाली. याने तिरकस वर्णन लिहिलं: उन्हाने रापलेले, पोक आलेले, ढगळ कपड्यांतले कष्टकरी धुळीतून चाललेत आणि कडेला हवापालटाला आलेले पैसेवाले बघत उभे आहेत. टोला खरा पैसेवाल्यांना होता, पण चिडले कामगार. त्यात 'ट्रिब्यून'चे मालक व्हाइटलॉ रीड त्याच वर्षी उपाध्यक्षपदाचे उमेदवार! पेपरने माफी मागितली आणि स्टीफनचं काम सुटलं. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको.

१८९३ मध्ये 'मॅगी' छापली. न्यूयॉर्कच्या बकाल वस्तीतली मुलगी, दारुडे आईबाप, आणि शेवटी रस्ता. प्रकाशक हात लावेनात म्हणून स्वतःच्या खर्चाने १,१०० प्रती काढल्या. ८६९ डॉलर गेले. नाव स्वतःचं नाही, 'जॉन्स्टन स्मिथ'. खपली नाही म्हणजे अजिबात नाही. हॅम्लिन गार्लंड आणि विल्यम डीन हॉवेल्स या दोन बड्या लेखकांनी मात्र वाचली आणि पाठीवर हात ठेवला.

तेव्हा हा न्यूयॉर्कात चित्रकार पोरांच्या खोल्यांत पडलेला असायचा. एका पलंगावर तिघे, आणि मुलाखतीला जायचं तर ज्याचा कोट धड असेल त्याचा घालायचा. तिथे मासिकांच्या जुन्या अंकांचा ढीग होता, त्यात अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सेनानींच्या आठवणींची मालिका. ती वाचून हा वैतागला. काय काय केलं ते हे लोक भरभरून सांगतात, पण तेव्हा वाटलं काय ते कुणीच सांगत नाही, दगड आहेत नुसते! त्या वैतागातून 'द रेड बॅज ऑफ करेज' निघाली. हेन्री फ्लेमिंग नावाचा नवखा शिपाई, पहिल्या चकमकीत टिकतो, दुसऱ्या हल्ल्यात पळ काढतो, आणि मग त्या पळण्याचं ओझं घेऊन फिरतो. लढाईचं नाव कादंबरीत कुठेच नाही, पण अभ्यासक ती १८६३ ची चॅन्सलर्सव्हिलची मानतात. हस्तलिखिताचा अर्धा भाग टंकलेखनिकाकडे अडकलेला, सोडवायला १५ डॉलर नव्हते, ते गार्लंडने दिले. वर्तमानपत्रांत छापायचे हक्क ९० डॉलरला गेले. १८९४ च्या डिसेंबरात काटछाट करून ती तिथे आली, १८९५ मध्ये पुस्तक झालं, आणि तेवीस वर्षांचा पोरगा अमेरिकेत आणि इंग्लंडात एकदम गाजला.

गंमत अशी, की युद्ध संपलं १८६५ मध्ये. हा जन्मला त्यानंतर सहा वर्षांनी. रणांगण बघितलेलंच नाही. कुणी विचारलं की सांगायचा, झुंजीची रग मला फुटबॉलच्या मैदानावर कळली असावी.

पुढची पाच वर्षं मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतात. न बघता लिहिलं ते खरं आहे का, हे बघायला माणूस लढाया हुडकत फिरला. क्युबाला निघाला तर बोट बुडाली. मग १८९७ चं ग्रीक-तुर्की युद्ध. तिथे पहिल्यांदा तोफा ऐकल्या आणि परतल्यावर नवा मित्र, कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडला सांगितलं, 'रेड बॅज' ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा क्युबा, स्पॅनिश-अमेरिकन युद्ध. ग्वांटानामोला नौसैनिकांबरोबर खंदकात. कंदिलाने आणि निशाणाने इशारे देणारे शिपाई गोळ्यांसमोर उघडे उभे राहायचे, त्यावर त्याने लिहिलेलं जरूर वाचा.

क्षयाने गेला ५ जून १९००. जर्मनीतलं बाडेनवायलर. वय २८.

आता वाक्य. 'द ओपन बोट'चं पहिलं. शब्दशः केलं तर असं होतं:

"त्यांच्यापैकी कुणालाही आकाशाचा रंग माहीत नव्हता."

सरकारी परिपत्रक वाटतंय की नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत_नाना

छान. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

दौतटाक

नाना, भाग नाहीत हो, एवढंच आहे. शेवटी वाक्य आहे, ते वाचलंत का?

निवांत_नाना

चहा संपला तिथे थांबलो होतो. वाचतो.

कापूसकोंड्या

अवांतर आहे, पण आयडीला जागलं पाहिजे. ज्या यादवी युद्धावर हा बाबा लिहितो त्याच युद्धाने मुंबईचा नूर पालटला. १८६१ नंतर अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, सगळी मागणी आपल्या कापसावर आली, मुंबईत पैशाचा पूर. सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या समुद्रात भर घालणाऱ्या कंपनीचे शेअर, काय काय. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे पेढ्या बुडाल्या. म्हणजे हेन्री फ्लेमिंग पळाला तेव्हा आपले शेटजी खुशीत असणार.

दौतटाक

माफ केलं. पण कापूस इथेच ठेवा, धाग्याला वात लावू नका. तसा मुंबईचा आणखी एक बारीक धागा आहे. क्रेनने सुरुवातीला किपलिंगची चटपटीत शैली उचलली होती आणि ती आपण मुद्दाम टाकून दिली असं एका पत्रात कबूल केलंय. तो किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूलच्या आवारात.

भटकी_मांजर

मस्त लेख ताई. पोलिसांशी त्याचं काहीतरी मोठं वाजलं होतं ना? ते का गाळलंत?

दौतटाक

लांबेल म्हणून. पण विचारलंच आहे तर.

सप्टेंबर १८९६. वृत्तपत्रमालक हर्स्टच्या 'जर्नल' दैनिकासाठी तो न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन भागावर लेख लिहीत होता. जुगार, कुंटणखाने, रात्रभर चालणारी हॉटेलं असा तो भाग. एका रात्री नाटकात कोरसला नाचणाऱ्या दोघींशी बोलायला गेला, तिथे डोरा क्लार्क नावाची तिसरी येऊन बसली. निघताना एकीला तो ट्रामवर बसवायला गेला आणि तेवढ्यात साध्या वेशातल्या पोलिसाने मागे उरलेल्या दोघींना धरलं: रस्त्यावर गिऱ्हाईक करत होत्या. पोलिसाचं नाव चार्ल्स बेकर. क्रेनने कोरसवाली माझी बायको आहे असं ठोकून दिलं, ती सुटली. डोराला नेलं. चौकीत त्याला सांगितलं, घरी जा, नाव खराब होईल. सकाळी हा कोर्टात हजर! आपल्यासमोर तिने काही केलं नाही अशी साक्ष दिली आणि ती सुटली.

डोराने मग बेकरवर तक्रार केली, त्या चौकशीतही क्रेन उभा राहिला. तिथे पोलिसांच्या वकिलाने यालाच सोलून काढला. त्याच्या खोलीत अफूची नळी सापडली, बायकांबरोबर राहतो, वगैरे वगैरे. बेकरला काही झालं नाही. पोलिस आयुक्तांपैकी एक होते थिओडोर रूझवेल्ट, पुढचे राष्ट्राध्यक्ष. आधी क्रेनच्या पुस्तकांचे चाहते, नंतर तोंड फिरवलं. न्यूयॉर्कात बातमीदारी करणं कठीण झालं. त्या नोव्हेंबरात तो जॅक्सनव्हिलला का गेला, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बेकर पुढे लेफ्टनंट झाला आणि एका जुगारअड्डेवाल्याच्या खुनाच्या कटात दोषी ठरून १९१५ मध्ये विजेच्या खुर्चीत बसला.

भटकी_मांजर

बाप रे. 'बायको आहे' म्हणून ठोकून देणं आवडलं. आणि साक्षीला सकाळी उठून जाणं त्याहून.

जुना_उपसंपादक

दौतटाक, तुमच्या 'गाभा खिशात ठेवला' याबद्दल थोडं. मी जिल्ह्याच्या पेपरात अठ्ठावीस वर्षं डेस्कवर होतो. बातमीदार मुद्दाम काही राखून ठेवतो हे खरं मानायला मी जरा कचरतो. जागा नसते हो. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं.

एक आठवण. ऐंशीच्या दशकात खाडीत एक होडी उलटली. वार्ताहराने फोनवरून मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला. माणसं किती, वाचली किती, पंचनामा झाला, तहसीलदार येऊन गेले. बारा ओळी. फोन ठेवताना तो म्हणाला, "साहेब, वाचलेला एक जण किनाऱ्यावर बसून स्वतःच्या चपला शोधतोय. भाऊ गेलाय त्याचा, आणि चपला शोधतोय." मी म्हटलं, ते नको, पान भरलंय. चाळीस वर्षं झाली, बारा ओळी माझ्या लक्षात नाहीत. चपला आहेत.

तर क्रेनने खिशात ठेवलं असेल, किंवा त्यालाही एखादा माझ्यासारखा भेटला असेल. फरक इतकाच की त्याने पाच महिन्यांत ते लिहिलं, आमच्या वार्ताहराने कधीच नाही. मीही नाही.

माझ्या धंद्यातली माणसं ज्यासाठी त्याला मानतील ते वेगळंच आहे. १८९८ मध्ये क्युबात लास ग्वासिमासच्या चकमकीत 'जर्नल'च्या एडवर्ड मार्शलला पाठीच्या कण्यात गोळी लागली. क्रेन तेव्हा पुलित्झरच्या 'वर्ल्ड' या दैनिकाचा माणूस. हर्स्ट आणि पुलित्झर म्हणजे हाडवैर, पीत पत्रकारिता हा शब्दच त्या भांडणातून आला. मार्शलने पडल्या पडल्या बातमी सांगितली होती, ती घेऊन क्रेन उन्हातून मैलोन्‌मैल चालत किनाऱ्यावर गेला आणि प्रतिस्पर्धी पेपरची तार आधी लावली. 'वर्ल्ड'वाल्यांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकतो, त्या खुर्चीत मी बसलोय. पुढे 'वर्ल्ड'शी त्याचं फाटलंच.

दौतटाक

उपसंपादक काका, दंडवत. चपलांनंतर काही लिहायला सुचत नाहीये.

'खिशात ठेवला' हे माझंच अनुमान, मान्य. पण बातमीत 'इथे आत्ता सांगायची नाही' असं लिहिलंय, म्हणजे जागा संपली असं नाही, ठरवून थांबलाय असं मला वाटतं.

प्रेमळ_पांडू

लेख आवडला. त्याच्या आयुष्यात हेलन ट्रेंट नावाची एक मुलगी होती आणि तिने नाकारल्यामुळे तो बिनधास्त झाला असं एका जुन्या चरित्रात वाचलं होतं. त्यावरही लिहा ना.

संशयात्मा

पांडूशेठ, ते चरित्र थॉमस बीअरचं, १९२३ चं. अत्यंत वाचनीय आणि तितकंच बेभरवशाचं. बीअरने क्रेनची पत्रं म्हणून जी छापली त्यातली कितीतरी त्याने स्वतःच रचलेली होती, हे १९९० च्या सुमारास वर्थाइम आणि सोरेंटिनो या दोघा अभ्यासकांनी त्याचे कच्चे खर्डे तपासून दाखवून दिलं. एकाच पत्राचे वेगवेगळे मसुदे सापडले! माणूस कादंबरीकार होताच, चरित्रातही तोच धंदा केला. हेलन ट्रेंट बीअरच्या पुस्तकाबाहेर कुठेही सापडत नाही.

वाईट हे की मधल्या सत्तर वर्षांत सगळ्यांनी बीअरवर विसंबून लिहिलं. कवी जॉन बेरीमनचं १९५० चं चरित्रसुद्धा. त्यामुळे क्रेनचं एखादं फार टाळीबाज वाक्य दिसलं की आधी बघायचं, आलंय कुठून.

प्रेमळ_पांडू

म्हणजे मी वीस वर्षं एका नसलेल्या बाईसाठी हळहळतोय. ठीक आहे, सवय आहे.

कोरा_कागद

युद्ध न बघता लिहिणाऱ्याच्या कादंबरीवर १९५१ मध्ये सिनेमा आला, जॉन ह्यूस्टनचा. त्यात पळणाऱ्या पोराचं काम केलं ऑडी मर्फीने, जो दुसऱ्या महायुद्धातला सर्वाधिक पदकं मिळवलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी एक. ज्याने निवड केली त्याला सलाम.

हेमिंग्वेने 'मेन ॲट वॉर' हा संग्रह काढला तेव्हा 'रेड बॅज' अख्खी घातली होती त्यात.

सुगरण_नसलेली

दौतटाक, एवढा मोठा लेख आणि कोरा कुठाय? तिला एक ओळही नाही? निषेध.

दौतटाक

निषेध मान्य. तुम्हीच लिहा, मी ताट वाढून घेते.

सुगरण_नसलेली

घ्या मग.

कोरा टेलर. क्रेन जॅक्सनव्हिलमध्ये बोटीची वाट बघत होता तेव्हा भेटली. 'हॉटेल डी ड्रीम' नावाचं घर चालवायची. सभ्य शब्दांत नाइटक्लब म्हणतात, तुम्ही काय समजायचं ते समजा. वयाने त्याच्याहून मोठी, दोन लग्नं झालेली, दुसरा नवरा ब्रिटिश सैन्यातला कप्तान आणि तो घटस्फोट देईना. त्यामुळे या दोघांचं कायदेशीर लग्न कधीच झालं नाही, पण इंग्लंडात ती मिसेस क्रेन म्हणूनच राहिली.

ग्रीसला ती नुसती सोबत गेली नाही. 'इमोजेन कार्टर' या नावाने तिने स्वतः रणभूमीवरून बातम्या पाठवल्या. स्त्री युद्धवार्ताहर, १८९७ मध्ये!

मग इंग्लंड. ससेक्समधला ब्रीड प्लेस नावाचा जुनापुराणा वाडा, नळ नाहीत, वीज नाही, आणि पाहुणे सतत. हेन्री जेम्स शेजारच्या राय गावात, कॉनरॅड, वेल्स, फोर्ड असे सगळे लेखक यायचे. कर्ज गळ्यापर्यंत. हा एजंटला पत्रं लिहितोय, इतके शब्द पाठवतो, इतके पैसे आधी दे. १८९८ मध्ये युद्ध संपल्यावर हा पठ्ठ्या हवानात जाऊन बसला, महिनोन्‌महिने घरी धड पत्र नाही, आणि इकडे कोरा खाटकाची आणि वाण्याची बिलं तोंडावर घेऊन उभी. तुमच्या लेखातला शूर वार्ताहर त्या तीन-चार महिन्यांत काय करत होता, तेही लिहा ना कधी.

१८९९ च्या नाताळात वाड्यावर मोठी मेजवानी. गावात नाटक केलं, 'द घोस्ट', त्यात जेम्स, कॉनरॅड, वेल्स, गिसिंग अशा दहा जणांनी एखादा शब्द, एखादी ओळ दिलेली. मेजवानीच्या शेवटी याला रक्ताची गुळणी आली. वेल्सने सायकल काढली आणि अपरात्री पावसात डॉक्टर आणायला गेला. सहा महिन्यांत खेळ संपला. बाडेनवायलरला कोरानेच नेलं होतं.

ती नंतर जॅक्सनव्हिलला परतली, पुन्हा तसलंच घर काढलं. १९१० मध्ये वाळूत रुतलेली कुणाची तरी मोटार ढकलायला मदत केली आणि त्या श्रमाने गेली. वाळूतच रुतलं होतं सगळं.

दौतटाक

+१००. हवानाबद्दल बरोबर बोललात. मी त्याच्या प्रेमात आहे म्हणून ते सोयीने विसरले.

एडिसनकर

आमच्या न्यू जर्सीचा माणूस, आणि आम्हालाच पत्ता नाही! धागा वाचून शनिवारी हिलसाइडच्या एव्हरग्रीन दफनभूमीत त्याचं थडगं बघून आलो. मुलांना 'आइस्क्रीम खायला' म्हणून नेलं होतं, त्यामुळे घरात सध्या माझी किंमत शून्य आहे. न्यूअर्क विमानतळाकडे जाताना शेकडो वेळा त्या भागातून गेलो असेन. ॲस्बरी पार्कला त्यांचं जुनं घरही जपलंय म्हणतात, उन्हाळ्यात जाईन. तिथे समुद्र आहे, मुलं माफ करतील.

अबोली_बोलते

मूळ मुद्द्याकडे. वाक्याचे माझे दोन प्रयत्न:

१) आकाशाचा रंग कोणता, चौघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.
२) आभाळाचा रंग कुणालाच ठाऊक नव्हता.

पहिल्यात आकडा फुटतो. मूळात माणसं किती ते लगेच कळत नाही ना?

दौतटाक

नाही. कोण, कुठे, किती, काहीच नाही. पुढच्या वाक्यात कळतं की सगळ्यांच्या नजरा समोरून येणाऱ्या लाटांना चिकटल्यात, त्यामुळे वर बघायला फुरसत नाही. दुसरा प्रयत्न आवडला, पण 'आभाळ' म्हटलं की मला ढग दिसतात.

संशयात्मा

ढग असले तर बिघडलं काय? जानेवारीचा समुद्र आहे. आणि 'आकाश' म्हटलं की भूगोलाचं पुस्तक. आभाळच ठेवा.

दौतटाक

बरं, आभाळ. दुसरी अडचण. कथेत कुणाला नाव नाही. कप्तान, स्वयंपाकी, वार्ताहर. फक्त तेल घालणाऱ्यालाच मध्ये मध्ये 'बिली' म्हणून हाक आहे, आणि नेमका तोच मरतो. त्याच्या हुद्द्याला मराठीत काय म्हणू? 'ऑइलर' ठेवलं तर यंत्राचा भाग वाटतो. 'वंगणकार' केलं होतं, नवऱ्याने हसून हसून चहा सांडला.

बाणकोटचा

वंगणकार म्हणू नका, आमच्या गावात येऊन कुणी म्हणालं तर त्याला परत पाठवतील.

माझे वडील तेलवाले होते. आगबोटीवर हाच शब्द. भट्टीत कोळसा घालणारा तो आगवाला, इंजिनाला तेल घालणारा तो तेलवाला, स्वयंपाकी तो भंडारी, आणि खलाशांवर सारंग आणि टंडेल. आमच्याकडची घरंच्या घरं या कामावर गेलेली. तुमच्या लेखातला तो दोर ओढणारा 'भट्टीवाला' म्हणजे आगवाला.

तेव्हा तुमच्या होडीत कप्तान, भंडारी, तेलवाला आणि वार्ताहर आहेत.

दौतटाक

अहो, चार महिने मी शब्दकोश उलटे टांगून झटकतेय! तेलवाला, भंडारी. घेतले. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

बाणकोटचा

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. पण तुमचं ते पहिलं वाक्य मी काल आईला वाचून दाखवलं, अबोलीताईंचं दुसरं. तर ती म्हणाली, तेलवाल्याला कधी माहीत असतो रंग? वडिलांची चार चार तासांची पाळी असायची, दिवसातून दोनदा, सगळी खाली इंजिनात. उकाडा आणि आवाज. वर यायचे तेव्हा कधी दिवस, कधी रात्र, कळायचंच नाही म्हणायचे. सुट्टीवर घरी आले की पहिले दोन-तीन दिवस खळ्यात खाटेवर उताणे पडून राहायचे. आम्हाला वाटायचं, झोपलेत. डोळे उघडे असायचे.

दौतटाक

हे वाचून मगाशी उठून गेले होते, आता परत आले.

वाक्य असं ठरवलंय:

"आभाळ कोणत्या रंगाचं आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं."

कुणाची हरकत?

अबोली_बोलते

नाही. झकास.

जुना_उपसंपादक

पान सोडा.

दौतटाक

सोडते. बाणकोटकर, जाता जाता एकच. त्या दहा फुटी होडीला होडीच म्हणू, की पडाव, की मचवा?

बाणकोटचा

दहा फुटांत चार माणसं, त्यात एकाचा हात मोडलेला? पडाव नाही आणि मचवा तर नाहीच. होडकं म्हणा.